‘एजंटला सगळं आपोआप कळतं’? नाही कळत

सांगलीत विश्रामबागला आम्ही सॉफ्टवेअरवाले चहाला जमलो की एक वाक्य हमखास निघतं: "एआय एजंट हुशार असतो, टूलचं नाव दिलं की पुरे." पुरे नाही. एजंट म्हणजे आपल्या वतीने कामं करणारा एआय प्रोग्राम, आणि टूल म्हणजे त्यासाठी त्याला दिलेली एकेक आज्ञा. एजंटला सहसा टूलचा कोड दिसतच नाही. दिसतं ते नाव, वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याचा आराखडा. मार्केट यार्डात नव्या हमालाला नुसतं "पोती काढ" म्हणा. गाडीतून काढेल की गोदामातून?

डॉकरचंच घ्या, म्हणजे प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या तीन आज्ञा एजंटला टूल म्हणून दिल्या समजा. ‘स्टॉप’ कंटेनरला आधी आवरायचा इशारा देतो, लिनक्सवर एरवी १० सेकंद वाट बघतो, मगच सक्तीने बंद करतो. ‘किल’ एरवी तेवढीही सवड देत नाही. ‘आरएम’ तर कंटेनरच काढून टाकतो. व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डेटा जपणारी जागा) सोडून कंटेनरच्या आत लिहिलेलं सगळं गेलं. तिन्हींपुढे "कंटेनर बंद करतो" एवढंच लिहिलं, तर एजंटनं निवडायचं कशावरून? ‘स्टॉप’पुढे असं लिहा: "चालू कंटेनर थांबवतो, पुसत नाही, पुन्हा सुरू करता येतो. नाव किंवा आयडी द्या. कायमचा काढायला हे टूल वापरू नका."

आणि हो, वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. पुसण्याआधी माणसाची परवानगी कोडमध्येच मागा.