तीन राज्यं, एकच मडकं

६ नोव्हेंबर २०२४च्या सकाळी टीव्हीवर अमेरिकेचा नकाशा रंगत असताना मित्राचा फोन आला. ‘‘विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, तिन्ही ट्रम्पकडे कशी जातील? एखादं तरी कमला हॅरिसना मिळेलच की!’’ प्रत्येक राज्याचा निकाल सुटा असतो, हा गैरसमज मला वारंवार भेटतो.

तिथे राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्यांना वाटून दिलेल्या निर्वाचक मतांवर. ती एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडली तर राज्यात पहिला येईल त्याला तिथली सगळी मतं. म्हणून अंदाज राज्यवार बांधावा लागतो.

आता तीन मडकी घ्या. प्रत्येकात पाच चिठ्ठ्या: चार निळ्या (हॅरिस यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या), एक लाल (ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाची). प्रत्येकातून एक उचलली, तर तिन्ही लाल निघण्याची शक्यता १२५मध्ये १. पण मडकं एकच असेल आणि त्यातली एकच चिठ्ठी तिन्ही राज्यांना लागू होत असेल, तर? ५मध्ये १! पंचवीस पट फरक. खरी राज्यं या दोन टोकांच्या मध्ये असतात. किती मध्ये, हे ठरवणं म्हणजेच सहसंबंध मोजणं. अंदाज बांधणाऱ्या गणिती प्रारूपात संगणक निवडणूक हजारो वेळा ‘घेतो’ आणि दर वेळी सर्वेक्षणांतली देशभरची चूक, प्रदेशाची चूक आणि राज्याची स्वतःची चूक अशा तिन्ही मिसळतो.

ही तिन्ही राज्यं महासरोवरांना लागून, जुन्या कारखान्यांची. पदवी नसलेले गोरे मतदार तिथे मोठ्या संख्येने आहेत. २०१६मध्ये राज्यांतल्या अनेक सर्वेक्षणांनी शिक्षणानुसार भारांकन, म्हणजे उत्तरं देणाऱ्यांचं प्रमाण खऱ्या मतदारांशी जुळवून घेणं, केलंच नव्हतं. पदवीधर सर्वेक्षणाला जास्त उत्तरं देतात, त्यामुळे तिन्हीकडे चूक एकाच दिशेला झाली. ट्रम्प यांच्या विरोधातल्या डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडली, तरी या तीन राज्यांतल्या मिळून ७८ हजारांहून कमी मतांनी त्या हरल्या. काही प्रारूपांनी त्यांच्या विजयाची शक्यता ९९ टक्के दिली होती. फाइव्हथर्टीएट या निवडणूक-अंदाजाच्या संकेतस्थळाने सहसंबंध नीट धरला होता, त्यांनी ट्रम्पना २९ टक्क्यांच्या आसपास दिली.

‘ओहायो जिंकेल तो देश जिंकेल’ हा मात्र निव्वळ शकुन. १९६४पासून २०१६पर्यंत तो खरा ठरला, २०२०मध्ये फसला. कारण न शोधता नुसता योगायोग मोजला, की ते पोपटाच्या चिठ्ठीसारखंच होतं.

विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया १९९२पासून प्रत्येक निवडणुकीत एकाच बाजूला गेली आहेत. म्हणून पेनसिल्व्हेनियाचा कल लाल दिसू लागला, की चांगलं प्रारूप विस्कॉन्सिनचा आकडाही तिथली मोजणी पूर्ण होण्याआधीच सरकवतं. मित्राला मी तेच सांगितलं. दिवस संपेपर्यंत विस्कॉन्सिनही लाल झालं होतं.