गोळी किती खोल जाते? काळ्या अस्वलाची शिकार आणि पिस्तुलाचे विज्ञान

हृदयाच्या चिंधड्या उडाल्या तरी मोठा प्राणी जागीच कोसळेल असे नाही. मेंदूत आधीच पोचलेल्या रक्तातला प्राणवायू दहा-पंधरा सेकंद पुरतो आणि तेवढा वेळ पाय चालत राहू शकतात. उत्तर अमेरिकेतले काळे अस्वल ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास वेगाने पळते, म्हणजे सेकंदाला साधारण १३ मीटर. दहा सेकंदांत ते सव्वाशे मीटरवरच्या दाट झाडीत शिरलेले असते. ही गत झाली अगदी नेमक्या जागी लागलेल्या गोळीची. पोटात किंवा एकाच फुप्फुसात गोळी घेऊन पळालेले अस्वल तासन्‌तास तडफडत राहू शकते आणि पुष्कळदा शिकाऱ्याच्या हाती लागतच नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आहे. मेळघाट, ताडोबा आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यातले आपले अस्वलही निराळ्या जातीचे, वाळवी आणि मुंग्यांवर जगणारे. अमेरिका-कॅनडातले काळे अस्वल मात्र आज काही लाखांच्या संख्येत आहे. न्यू जर्सीसारख्या राज्यात, जिथे मराठी कुटुंबेही बरीच आहेत, ते वस्तीतल्या कचऱ्याच्या डब्यांपर्यंत येते. अनेक राज्यांत त्याच्या शिकारीला ठरावीक हंगाम असतो, परवाना लागतो, आणि काही राज्यांत रायफलीऐवजी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर वापरायचीही मुभा असते. शिकार करावी की नाही यावर तिकडेही मतभेद आहेत. पण कायद्याने जो प्राणी मारायचाच आहे, त्याला लवकरात लवकर मरण येणे हा त्याचा हक्क आहे, असे मला ठामपणे वाटते. तो हक्क त्याला मिळतो की नाही हे शिकाऱ्याच्या धाडसापेक्षा भौतिकशास्त्र आणि शरीररचना ठरवतात.

पहिला गैरसमज ताकदीचा. १९५५ च्या अखेरीस आलेले .४४ मॅग्नम हे रिव्हॉल्व्हरचे दणकट काडतूस मानले जाते. त्यातली साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने निघाली तर तिच्यात सुमारे १,२०० ज्यूल ऊर्जा असते. .३०८ सारख्या साध्या शिकारी रायफलीच्या गोळीत याच्या जवळजवळ तिप्पट. आणि ‘गोळीच्या धक्क्याने जनावर उलथून पडते’ हे तर पडद्यावरचेच. संवेगाचे गणित मांडून पाहा. साडेपंधरा ग्रॅम गुणिले ४०० मीटर एवढा सगळा संवेग १०० किलोच्या अस्वलाला मिळाला, तरी त्याचे शरीर सेकंदाला जेमतेम सहा सेंटिमीटर वेगाने सरकेल. बंदुकीचा जो दणका शिकाऱ्याच्या मनगटाला बसतो, त्याच मापाचा धक्का अस्वलाला बसतो. त्याने अस्वल पडत नाही.

मग गोळी मारते कशी? सैन्यातले शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरमन संस्थेत याचा पद्धतशीर अभ्यास केला. दहा टक्के जिलेटिन पाण्यात विरघळवून त्याचे ठोकळे ४ अंश सेल्सिअसला थंड करायचे आणि त्यांत गोळ्या झाडायच्या. असा ठोकळा स्नायूच्या बराच जवळ जातो. गोळी त्यात दोन पोकळ्या करते. एक कायमची, जिथला ऊतक प्रत्यक्ष चिरडला जातो. दुसरी क्षणभराची, जिथे ऊतक बाजूला ताणला जाऊन पुन्हा मिटतो. रायफलीच्या वेगाला हा ताण इतका मोठा असतो की ऊतक फाटतो. पिस्तुलाच्या वेगाला स्नायू आणि फुप्फुसासारखे लवचीक ऊतक तो ताण सहन करून पूर्वपदावर येतात. म्हणजे पिस्तुलाच्या गोळीने जेवढे भोक पडले तेवढाच तिचा परिणाम, आणि त्या भोकाची खोली महत्त्वाच्या अवयवांपर्यंत पोचली नाही तर तो परिणामही जवळपास वाया.

याची किंमत माणसांनी मोजलेली आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या पथकाची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ मिलिमीटरची उमलणारी, म्हणजे शरीरात शिरताच टोक पसरणारी, गोळी लागली. ती दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या सुमारे एक इंच अलीकडे थांबली. जखम पुढे जीवघेणी ठरणारी होती, तरी मधल्या वेळात तो लढत राहिला. त्या चकमकीत दोन अधिकारी ठार झाले आणि पाच जखमी. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनमध्ये किमान १२ इंच आणि शक्यतो १८ इंचांपर्यंत गोळी जावी, अशी कसोटी ठरवली. गोळीची ताकद नव्हे, खोली मोजायची, हा विचार तिथून रुजला. त्याच शोधात एफबीआयने १० मिलिमीटर ऑटो हे जोरकस काडतूस काही काळ वापरले, पण त्याचा झटका अनेकांना झेपेना. आज अस्वलांच्या मुलखात फिरणाऱ्यांच्या कमरेला तेच काडतूस सर्रास दिसते.

अस्वल आणि जिलेटिनचा ठोकळा यांत मात्र फार फरक आहे. शरद ऋतूत, शीतनिद्रेआधी, काळे अस्वल दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खाते आणि कातडीखाली चरबीचा जाड थर साठवते. वर दाट, लांब केस. खाली खांद्याचे प्रचंड स्नायू, रुंद हाड, मग बरगड्या. या सगळ्यातून वाट काढल्यावर कुठे पहिले फुप्फुस लागते. दुसऱ्या फुप्फुसापर्यंत पोचायचे तर आणखी तेवढेच पुढे जायला हवे.

इथे गोळीच्या आकाराचा प्रश्न येतो आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म याच ठिकाणी आहे. हॉलो पॉइंट म्हणजे टोकाला पोकळी असलेली गोळी. शरीरात शिरताच ती उमलते. तिचा व्यास समजा १.६ पट झाला, तर समोरचे क्षेत्रफळ अडीच पटींहून जास्त होते. भोक रुंद होते, पण विरोधही तेवढाच वाढतो आणि गोळी लवकर थांबते. माणसाच्या छातीसाठी बनवलेली गोळी अस्वलाच्या खांद्यातच थांबू शकते. आणखी एक गंमत अशी की लांब नळीतून तीच गोळी जास्त वेगाने सुटते, जास्त उमलते, आणि कधीकधी कमी खोल जाते. जास्त वेग म्हणजे जास्त खोली, हे समीकरण उमलणाऱ्या गोळीला लागू पडत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला हार्ड कास्ट गोळी. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ती टणक केलेली असते, त्यामुळे हाडावर आपटूनही सहसा आकार सोडत नाही. तिचे टोक चपटे असते. गोल टोकाची गोळी ऊतकाला बाजूला सारत निसटते. चपट्या टोकाची गोळी समोर येईल ते चिरडत जाते आणि तिची वाटही बऱ्यापैकी सरळ राहते. भोक अरुंद, पण बहुधा आरपार. मधल्या जागी जाड आवरणाच्या, हळू उमलणाऱ्या गोळ्या येतात; .४४ मॅग्नमसारख्या काडतुसात मध्यम आकाराच्या अस्वलासाठी त्या चांगले काम देतात. पण .३५७ मॅग्नम किंवा १० मिलिमीटरसारख्या त्याहून हलक्या काडतुसांत, मोठ्या नरासमोर, मी रुंदीपेक्षा खोलीच निवडायला सांगेन. अरुंद भोक दोन्ही फुप्फुसांतून गेले तर अस्वल मरते. रुंद भोक पहिल्या फुप्फुसाच्या अलीकडे थांबले तर ते जायबंदी होऊन जाते.

आता नेम. अस्वल चारही पायांवर आडवे उभे असताना त्याचे हृदय छातीच्या तळाशी, पुढच्या पायांच्या मधे, कोपराच्या किंचित वर असते. फुप्फुसे त्याच्या वर आणि मागे पसरलेली. पोटाखाली लोंबणारे केस डोळ्याला फसवतात. दिसणाऱ्या आकृतीची खालची कड म्हणजे शरीराची खालची कड नव्हे, आणि केसांच्या कडेवरून उंची मोजली की गोळी खाली जाते. म्हणून जाणते शिकारी पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर येतात आणि छातीच्या मध्यावर किंवा जरा खाली नेम धरतात. जवळचा पुढचा पाय पुढे टाकलेला असेल तर खांद्याचे हाड वाटेतून सरते. अस्वल किंचित पाठमोरे, तिरके उभे असेल तर नेम मागे सरकवून पलीकडच्या खांद्याच्या दिशेने गोळी न्यावी लागते. यात भूमिती सांभाळावी लागते: आडव्या स्थितीत जे अंतर एक फूट, ते ४५ अंशांच्या तिरकेपणात १.४ फूट होते.

समोरून तोंड करून उभ्या असलेल्या अस्वलावर पिस्तूल झाडू नये. कपाळाचे हाड उतरते आहे, मेंदू लहान आहे, डोके सतत हलते. छातीवर नेम धरला तरी मोकळी जागा अरुंद आणि आजूबाजूला स्नायू आणि हाडांची भिंत. अस्वल वळेपर्यंत थांबायचे, आणि वळलेच नाही तर त्या दिवशी गोळी झाडायची नाही.

अंतराचा प्रश्न शिकारी मंडळी बरेचदा झटकून टाकतात. पिस्तुलाच्या मागच्या आणि पुढच्या माशीत (नेम धरण्याच्या खुणांत) समजा १५ सेंटिमीटर अंतर आहे. नेम धरताना पुढची माशी फक्त एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे १७ सेंटिमीटर चुकते. रायफलीच्या दोन माश्यांत ६० सेंटिमीटर असतील तर तीच चूक चार सेंटिमीटरची होते. हृदय-फुप्फुसांची जागा वीतभर, मोठ्या अस्वलात थोडी जास्त. हिशेब एवढा साधा आहे. म्हणूनच पिस्तुलाने होणारी बरीचशी शिकार अगदी जवळून होते: कुत्र्यांनी झाडावर चढवलेले अस्वल, किंवा मेनसारख्या राज्यात आमिषाजवळ आलेले. या दोन्ही पद्धतींवर तिकडे जोरदार वाद आहेत आणि काही राज्यांनी त्या बंदही केल्या आहेत. मेनमध्ये २०१४ साली त्यांवर बंदी घालण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला.

गोळी आरपार जाण्याला आणखी एक कारण आहे. अस्वलाची चरबी जखमेचे तोंड बुजवते आणि केस रक्त शोषून घेतात. एकच भोक, तेही उंचावर, असेल तर रक्त छातीतच साठते आणि जमिनीवर माग दिसत नाही. गोळी पलीकडून खालच्या बाजूने बाहेर पडली तर रक्ताला वाट मिळते. गोळी झाडल्यावर लगेच मागे धावू नये, अर्धा तास तरी थांबावे, असे अनुभवी लोक सांगतात. प्राणघातक जखम झालेले अस्वल पुष्कळदा शेवटी एक लांब, खोल कण्हणे सोडते; ते ऐकू आले तर मरण नक्की समजतात.

शिशाबद्दल बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. उमलणाऱ्या शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात आणि जंगलात टाकलेल्या आतड्यांत राहतात. ती आतडी खाणाऱ्या कॅलिफोर्निया काँडोर गिधाडांच्या मृत्यूचे शिशाची विषबाधा हे एक मोठे कारण ठरले. हा पक्षी १९८२ साली फक्त २२ उरला होता. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. तिच्या जागी अखंड तांब्याची गोळी आली. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि काडतुसात दारूची जागा खाते. पिस्तुलासाठी ती बहुधा हलकीच बनवावी लागते. हलकी असली तरी ती तुटत नाही, जवळपास सगळे वजन टिकवते, आणि चपट्या टोकाची, न उमलणारी तांब्याची गोळी अस्वलाच्या छातीतून पुरेशी खोल जाऊ शकते. घरात मुले ते मांस खाणार असतील तर मी तीच निवडायला सांगेन.