स्टेरॉइडजन्य काचबिंदू

स्टेरॉइड औषधांच्या, विशेषतः डोळ्यांत टाकायच्या थेंबांच्या, दीर्घ वापरामुळे डोळ्यातील दाब वाढून दृष्टिचेतेला (डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसेला) इजा करणारा विकार. दाब वाढूनही चेता शाबूत असेल, तर त्या अवस्थेला काचबिंदू न म्हणता केवळ नेत्रदाबवृद्धी म्हणतात.

डोळ्यातील दाब सामान्यतः १० ते २१ मिमी. पारा इतका असतो. डोळ्याच्या पुढील भागात सतत तयार होणारा द्रव तेथील कोनातल्या (पारदर्शक पटल व रंगीत पडदा मिळतात त्या जागेच्या) जाळीदार ऊतीतून बाहेर पडतो. स्टेरॉइडमुळे या जाळीत पेशीबाह्य द्रव्ये साचतात, तिच्या पेशी ताठर होतात आणि कोन उघडा असूनही निचरा मंदावतो. १९६०च्या दशकात बर्नार्ड बेकर व मन्सूर आर्मली या नेत्रतज्ज्ञांनी दाखवून दिले, की काही आठवडे असे थेंब घातल्यावर सुमारे एक-तृतीयांश लोकांत दाब मध्यम प्रमाणात, तर ५-६ टक्क्यांत फार वाढतो. काचबिंदूचे रुग्ण, त्यांचे जवळचे नातलग, मधुमेही, तीव्र लघुदृष्टी असलेले आणि लहान मुले यांना धोका अधिक असतो.

सोलापूरसारख्या उष्ण, कोरड्या हवेच्या भागात या विकाराची एक वाट ठळकपणे दिसते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, आणि अशाच हवामानात मुलांना, त्यातही मुलग्यांना, डोळे सतत खाजण्याचा ॲलर्जीचा नेत्रदाह अधिक होतो. डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन या स्टेरॉइडांच्या थेंबांनी ही खाज लवकर शमते. म्हणून पुढच्या हंगामात जुनीच चिठ्ठी दाखवून, किंवा चिठ्ठीशिवायही, औषधाच्या दुकानातून तीच बाटली आणली जाते, वास्तविक ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावी असा नियम आहे. दाब वाढताना बहुधा दुखत नाही, लाली येत नाही, आणि नजर कडेकडेने आत घटत येते. खाज थांबल्याने समाधानी असलेल्या पालकांना शंका येण्याचे कारणच उरत नाही. हीच या आजारातील सर्वांत क्रूर बाब होय. प्रतिजैविकाबरोबर मिसळलेल्या थेंबांतही स्टेरॉइड असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

निदानासाठी दाब मोजणे, चेतेची तपासणी व दृष्टिक्षेत्राची चाचणी आवश्यक असते. थेंब वेळीच थांबविल्यास दाब बहुधा एक ते चार आठवड्यांत पूर्ववत होतो. गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. दाब उतरत नसेल तर टिमोलॉलसारखी औषधे (दमेकऱ्यांना ती वर्ज्य), लेसर किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. दमा, संधिवात यांसाठी पोटात घेतलेल्या स्टेरॉइडनेही दाब वाढू शकतो. परंतु त्या गोळ्या रुग्णाने स्वतःहून एकाएकी बंद करू नयेत, कारण त्यातून शरीरात स्टेरॉइड संप्रेरकाची धोकादायक कमतरता उद्भवू शकते.