विद्यापीठाचा बृहत आराखडा अन् वार्षिक अहवाल: कुठं पाहायचा, नाही मिळाला तर अर्ज कसा टाकायचा

उमरेड रोडवरच्या एका गावातला मित्र परवा भेटला, म्हणे आमच्याकडे नवीन सायन्स कॉलेज येऊन राहिलं, संस्थेवाल्यांनी बोर्डसुद्धा लावला, पोरीची ॲडमिशन तिथेच करू का. मी म्हटलं बोर्ड सोड बे, तुझं गाव बृहत आराखड्यात आहे का ते पाह्य आधी. त्याला हा शब्दच माहीत नव्हता, आणि खरं सांगतो, विद्यापीठातून डिग्री घेऊन बसलेल्या आपल्यातल्या बहुतेकांना पण नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला दर ५ वर्षांनी एक बृहत आराखडा करावा लागतो, म्हणजे पुढच्या ५ वर्षांत कोणत्या तालुक्यात कोणतं कॉलेज, कोणता कोर्स लागणार त्याचा प्लॅन. आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे ४ जिल्हे, चंद्रपूर-गडचिरोली २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे गेले, त्यामुळे तिकडच्या लोकांनी इथला आराखडा चाळत बसू नये. मागचा आराखडा २०१९ ते २४ चा, आत्ताचा २०२४ ते २९ चा. त्यात गावांची नावं येतात त्याला स्थळबिंदू म्हणतात, आणि सगळा खेळ या स्थळबिंदूचाच आहे. आराखड्यात जागा नसेल तर नवीन कॉलेजचा प्रस्ताव विचारातच घेता येत नाही, असेल तर मग संस्थेचा अर्ज, विद्यापीठाची छाननी, सरकारचं इरादापत्र, अंतिम मान्यता अशी लांब वरात निघते. बोर्ड लावायला मात्र काहीच लागत नाही, पेंटर लागतो फक्त.

आराखडा तयार करतं अधिष्ठाता म्हणजे डीन लोकांचं मंडळ, मग तो विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद असं करत अधिसभेत म्हणजे सिनेटमध्ये येतो, तिथून राज्याच्या उच्च शिक्षण आयोगाकडे, ज्याला सगळे माहेड म्हणतात. सिनेटमध्ये नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून आलेले १० सदस्य असतात. त्यातला कोणी ओळखीचा असेल तर त्याला फोन करा, तो सभेत प्रश्न विचारू शकतो, अर्ध काम तिथेच होते.

आता हा झाला प्लॅन, त्यातलं खरंच काय झालं ते कुठं कळणार? एक तर वार्षिक अहवाल, तो सिनेटमध्ये ठेवतात, मग सरकारकडे जातो आणि सरकारनं तो विधिमंडळासमोर ठेवायचा असतो. पण भाऊ, वार्षिक अहवालात कार्यक्रमांचे फोटो आणि सत्कारच जास्त सापडतात, हे माझं मत. मला विचाराल तर वेबसाइटवरची दोन दुसरी कागदं जास्त कामाची. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारचं कॉलेज-विद्यापीठांचं रँकिंग, त्यासाठी जो डेटा देतात त्याची पीडीएफ संस्थेला स्वतःच्या वेबसाइटवर टाकावी लागते, रँक किती आला ते बाजूला ठेवा, ती पीडीएफ उघडा. मंजूर जागा किती, प्रत्यक्ष विद्यार्थी किती, ठरलेल्या वर्षांत पास किती झाले, नोकरीला किती लागले आणि त्यांचा मधला पगार किती, लायब्ररी अन् लॅबवर खर्च किती, सगळं तक्त्यात असतं. दुसरं म्हणजे नॅकचं, कॉलेज-विद्यापीठं तपासून ग्रेड देणारी संस्था ती. नॅकची ग्रेड साधारण ५ वर्षं चालते पण दरवर्षी एक गुणवत्ता अहवाल भरावा लागतो, एक्यूएआर म्हणतात त्याला, त्यात ७ निकष असतात आणि सहाव्या निकषात संस्थेनं आपला स्ट्रॅटेजिक प्लॅन कसा राबवला ते लिहायचं असतं. ते पान आणि एनआयआरएफचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून वाचा. इकडे लिहिलंय रोजगाराभिमुख कोर्स सुरू केले आणि तिकडे नोकरीचा रकाना दोन वर्षांपासून हललाच नाही, असं दिसलं की तुमचा प्रश्न तयार झाला.

वेबसाइटवर नाहीच सापडलं, किंवा लिंक उघडतच नाही, तर माहिती अधिकार. पात्रता एकच, भारताचा नागरिक पाहिजे, विद्यार्थी असायची गरज नाही, माहिती कशाला पाहिजे ते पण सांगायची गरज नाही, कायद्यातच तसं आहे. कागदपत्रं म्हणाल तर जोडपत्र अ चा फॉर्म, नसेल तर साध्या कागदावर पण चालते, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि दारिद्र्यरेषेखालचे असाल तर त्याचा दाखला जोडा म्हणजे फी लागत नाही. स्टॅम्प घेताना कोर्ट फी असंच सांगा, सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळ मिळून जाते. एका मित्रानं पावतीवर लावतात तो रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून अर्ज दिला होता, खिडकीतूनच परत आला. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं, दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका कारण उत्तराचे ३० दिवस तिथूनच मोजतात. चुकीच्या विभागात गेला तरी घाबरू नका, त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

सगळ्यात जास्त गडबड लिहिण्यात होते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे. मी एका संस्थेत पहिल्यांदा अर्ज टाकला तेव्हा होस्टेल, परीक्षा, बांधकाम सगळं एकातच घातलं आणि वर लिहिलं, "एवढा पैसा आला तरी सुधारणा का झाली नाही?" उत्तर आलं, प्रश्नार्थक माहिती देय नाही. राग आला होता तेव्हा, पण त्यांचं चूक नव्हतं, माहिती अधिकारात जे रेकॉर्डवर आहे तेच मिळते, का आणि कसं याचं उत्तर कोणी तयार करून देत नाही. म्हणून कागद मागायचा. उमरेड रोडवाल्या मित्राला मी असं लिहून दिलं: "सन २०२४-२९ च्या बृहत आराखड्यातील आमच्या तालुक्यातील स्थळबिंदूंच्या यादीची, तसेच त्या स्थळबिंदूंसाठी आजपर्यंत प्राप्त प्रस्तावांच्या यादीची छायांकित प्रत मिळावी." बस्स एवढंच.

प्रतीचे पानाला २ रुपये लागतात, पण मुदत उलटून गेली तर माहिती फुकट द्यावी लागते हे बऱ्याच जणांना माहीत नसते. पानं खूप असतील तर झेरॉक्स मागू नका, प्रत्यक्ष फाइल पाहायची परवानगी मागा, पहिला तास फी नाही, जाताना ओळखपत्र ठेवा अन् पान नंबर लिहून आणा, मग तेवढ्याच प्रती घ्या.

३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला पाहिजे. इथेच लोक थकतात आणि सोडून देतात. त्यानंतर दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, आणि त्याचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबईला जावं लागत नाही. आयोग उशिराबद्दल अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड करू शकते, फक्त तिथली तारीख लागायला वेळ लागते तेव्हा आवकचा शिक्का असलेली ती प्रत जपून ठेवा. पोरीची ॲडमिशन तोपर्यंत थांबणार नाही हे मित्राला सांगितलं, त्यानं यंदा तिचा फॉर्म उमरेडच्या जुन्या कॉलेजात भरला आणि स्थळबिंदूचा अर्ज पण टाकून आला.