रत्नचोर (चित्रपटातील पात्रप्रकार)

रत्नचोर : गुन्हेविनोदी चित्रपटांतील एक पात्रप्रकार. उंची पोशाख, उच्चभ्रू समाजातील सहज वावर, शस्त्राऐवजी संभाषणावर भिस्त आणि रोख रकमेऐवजी जडजवाहिरावर डोळा ही त्याची लक्षणे मानली जातात. हा चोर भिंत फोडून येत नाही; तो पाहुणा म्हणून दारातूनच आत येतो. अनेक उत्तम उदाहरणांत हे पात्र स्त्री आहे. १९३२ ते १९६७ हा त्याच्या भरभराटीचा काळ समजण्यास हरकत नसावी. मराठीत ‘रत्नचोर’ हा शब्द पुस्तकीच राहिला. बोलण्यात त्याऐवजी ‘ज्वेल थीफ’ हे १९६७ च्या हिंदी चित्रपटाचे नाव चालते आणि नागपूरही त्याला अपवाद नाही.

या पात्राचा उगम कोठे शोधावा याबाबत एकमत नाही. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांचा कल ई. डब्ल्यू. हॉर्नंग यांच्या रॅफल्सकडे असतो. दिवसा क्रिकेट खेळणारा आणि रात्री यजमानाच्याच घरातील दागिने लांबवणारा हा गृहस्थ १८९८ मध्ये मासिकातील कथांतून अवतरला व पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने आला. ग्रँट ॲलन यांचा कर्नल क्ले त्याहून एक-दोन वर्षांनी आधीचा असला, तरी तो मुख्यतः तोतया आणि ठग आहे. फ्रेंच पक्ष मॉरिस लब्लां यांच्या आर्सेन ल्यूपँला पुढे करतो. ल्यूपँची पहिली कथा जुलै १९०५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये आमियाँ येथे मारियुस जाकोब या अराजकवादी घरफोड्यावर खटला चालला होता, आणि या चार महिन्यांच्या अंतरावरून जाकोब हाच ल्यूपँचा मूळ नमुना असे पुष्कळदा सांगितले जाते. कालक्रम जुळतो, मात्र तेवढ्यावरून प्रेरणा सिद्ध होत नाही, शिवाय जाकोबच्या चोऱ्यांमागील राजकीय भूमिकेचा ल्यूपँमध्ये फारसा मागमूस नाही. तिसरे मत रुमानियातील जॉर्जे मानोलेस्कू या प्रत्यक्षातील हॉटेलचोराकडे बोट दाखवते. राजपुत्र म्हणून मिरवणाऱ्या या इसमाच्या आठवणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रसिद्ध झाल्या आणि त्यांवर मूकपटही निघाले.

हे तिन्ही पक्ष साहित्यातील चोराचा विचार करतात. चित्रपटातील रत्नचोराचा, विशेषतः विनोदी चित्रपटातील रत्नचोराचा, वंश मध्य युरोपीय रंगभूमीकडून, त्यातही हंगेरियन नाटककारांकडून आला असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पुरावा असा : ‘ज्युएल रॉबरी’ (१९३२) हा विल्यम डीटर्ले यांचा चित्रपट लास्लो फोदोर यांच्या नाटकावर आधारलेला आहे, एर्न्स्ट लुबिच यांच्या ‘ट्रबल इन पॅराडाइज’ (१९३२) याचा आधार लास्लो आलादार यांचे नाटक आहे, आणि ‘डिझायर’ (१९३६) ज्या जर्मन नाटकावरून व त्यावरील १९३३ च्या जर्मन चित्रपटावरून घेतला, त्या नाटकाच्या दोन लेखकांपैकी हान्स सेकेली हे जन्माने हंगेरियन होते. या मताविरुद्ध एक आक्षेप घेता येतो. ‘ट्रबल इन पॅराडाइज’चे पटकथाकार सॅमसन रॅफेलसन यांना लुबिच यांनी मूळ नाटक वाचूच दिले नाही अशी आख्यायिका आहे, आणि नायक गास्तों मोनेस्कू याच्या नावात मानोलेस्कूचा प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येतो. तरीही कथेची बांधणी, म्हणजे चोर, चोराची सहचरी आणि लुटली जाणारी श्रीमंत स्त्री यांचा त्रिकोण, रंगभूमीचीच आहे. फ्रेडरिक लॉन्सडेल यांचे मिसेस चेनी हिच्यावरील लंडनचे नाटक (१९२५) हा या मांडणीतला खरा अडथळा होय, कारण तेथे चोर स्त्री आहे आणि नाटक इंग्रजी आहे. पण त्यात चोरीपेक्षा उमरावांच्या ढोंगाची झडतीच अधिक घेतलेली आहे. रॅफल्सला तर अखेरीस बोअर युद्धात मरण पत्करून पापक्षालन करावे लागते. हंगेरियन वळणाच्या चोराला असे प्रायश्चित्त कोणी सांगत नाही.

भारतीय वाचकाला या चर्चेत शर्विलकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकात (काळ विवाद्य, इसवी सनाचे तिसरे ते पाचवे शतक हा अंदाज सामान्यतः मान्य) तिसऱ्या अंकात हा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडतो. कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक अशा आकारांची चर्चा करून तो पूर्णकुंभाचा आकार निवडतो, माप घेण्यासाठी जानवे वापरतो आणि चोरांचे दैवत कार्तिकेय याला वंदन करतो. तो पळवतो ते दागिने वसंतसेनेने ठेव म्हणून ठेवलेले असतात आणि चोरीचा हेतू प्रिय दासीला मुक्त करण्याचा असतो. भासाच्या नावावरील ‘चारुदत्त’ नाटकात याच चोराचे नाव सज्जलक आहे. मराठी प्रेक्षकांना शर्विलक गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे घरचा झाला. कौशल्याचा अभिमान, प्रेमाचे निमित्त आणि परतून येणारे दागिने ही तिन्ही सूत्रे येथे आहेत. मात्र शर्विलकापासून पडद्यावरील रत्नचोरापर्यंत अखंड परंपरा दाखवता येत नाही, त्यामुळे हे साम्य वंशाचे न मानता प्रवृत्तीचे मानावे.

‘डिझायर’मधील मॅडलेन द बोप्रे (भूमिका : मार्लेन डीट्रिख) हा या पात्रप्रकाराचा आदर्श नमुना होय. पॅरिसमधील जवाहिऱ्याला ती आपण एका मानसोपचारतज्ज्ञाची पत्नी असल्याचे सांगते आणि त्या डॉक्टरांना आपण जवाहिऱ्याची पत्नी असल्याचे सांगते. मोत्यांचा हार तिच्या हाती पडतो आणि बिलाची मागणी करणारा जवाहिऱ्या डॉक्टरांपुढे वेड्याच्या रूपात बसतो. या प्रसंगात बंदूक नाही, अंधार नाही, धावपळ नाही. दोन प्रतिष्ठित पुरुषांची परस्परांविषयीची खात्री हेच हत्यार आहे. पुढे स्पेनच्या सरहद्दीवर ती हार एका अमेरिकन अभियंत्याच्या (गॅरी कूपर) खिशात सरकवते आणि तो परत मिळवण्याच्या खटपटीत प्रेमात सापडते. दिग्दर्शक म्हणून नाव फ्रँक बोर्झेगी यांचे असून लुबिच निर्माते होते. पूर्वार्धातील कोणते प्रसंग प्रत्यक्ष लुबिच यांनी हाताळले याबद्दल मतभेद आहेत. पहिल्या भागाची चपळाई आणि उत्तरार्धातील भावुकता यांत पडलेली फट पाहता त्यांचा हात केवळ निर्मात्याचा नव्हता असे वाटते. ट्रॅव्हिस बँटन यांची वेशभूषा येथे सजावट नसून चोरीचे साधन आहे, कारण तसा पोशाख केलेल्या स्त्रीकडे आगाऊ पैसे मागण्याची प्राज्ञा कोणाची होत नाही.

मॅडलेनला शेवटी हार परत करावा लागतो. हा शेवट नैतिक कमी आणि प्रशासकीय अधिक आहे. अमेरिकेतील निर्मितीसंहिता (चित्रपटांत काय दाखवावे व काय नाही याची नियमावली) १९३० मध्ये स्वीकारली गेली, पण तिची कडक अंमलबजावणी जुलै १९३४ पासून सुरू झाली, आणि गुन्ह्याची पद्धत तपशिलाने दाखवण्यास व गुन्हेगाराविषयी सहानुभूती निर्माण करण्यास तीत मनाई होती. १९३२ चे दोन्ही चित्रपट या शिस्तीच्या आधीचे असल्याने त्यांतील चोर निर्धास्त आहेत : ‘ज्युएल रॉबरी’तील चोर व्हिएन्नाच्या दुकानात ग्रामोफोन लावून चोरी करतो आणि पकडला जात नाही. ‘ट्रबल इन पॅराडाइज’ला १९३५ मध्ये पुनर्प्रदर्शनाची परवानगी नाकारली गेली. चित्रपटांमुळे गुन्हेगारी वाढते हा आक्षेप त्या काळी भारतातही नित्याचा होता. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने (१९२७–२८) देशभर साक्षी नोंदवल्या आणि त्यांत मध्य प्रांताची राजधानी नागपूर हेही एक ठिकाण होते.

चोरीच्या मालाविषयी थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण चित्रपटसमीक्षकांनी त्याकडे सहसा दुर्लक्ष केले आहे. पडद्यावरचा हा चोर सोने का चोरत नाही याचे उत्तर नागपुरातील इतवारीच्या सराफा ओळीतील कोणीही देईल. सोने आटवले की त्याची ओळख पुसते, म्हणून सोन्याच्या चोराला बुद्धीपेक्षा भट्टी अधिक उपयोगी पडते. रत्नाचे तसे नाही. मोती सुटे करून एकेक विकता येतात, आणि १९३० च्या दशकातील चोरांची मोत्यांवर नजर असणे त्या काळच्या बाजारभावाला धरून होते. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील हवेली मोत्यांच्या दुपदरी हाराच्या आणि १०० डॉलरच्या बदल्यात कार्तिए या जवाहिऱ्यांच्या पेढीला मिळाली होती. तेव्हा दहा लाख डॉलरचा मानलेला तो हार १९५७ मध्ये सुमारे दीड लाखाला विकला गेला. दरम्यान जपानी संवर्धित मोत्यांनी नैसर्गिक मोत्यांचा बाजार बसवला होता. युद्धोत्तर चित्रपटांतील चोर मोती सोडून हिऱ्यांकडे वळला, त्यामागे हे एक कारण असावे.

हिऱ्याची अडचण उलटी आहे. मोठा हिरा त्याच्या वजनावरून, पैलूंवरून आणि आतील दोषांवरून ओळखला जातो, म्हणून तो विकण्यापूर्वी नव्याने कापावा लागतो आणि त्यात वजन घटते. त्र्यंबकेश्वरचा समजला जाणारा व १८१८ मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांच्या हाती गेलेला नाशिक हिरा मूळ सुमारे ९० कॅरटचा होता, तो आज ४३.३८ कॅरट आहे. कोहिनूर १८५२ मध्ये सुमारे १८६ कॅरटवरून १०५.६ वर आला. अर्थात हे दोन्ही हिरे कापले ते चोरांनी नव्हे, कायदेशीर मालकांच्या आज्ञेने. ब्लेक एडवर्ड्स यांच्या ‘द पिंक पँथर’ (१९६३) मधील हिरा त्यातील चित्त्यासारख्या दिसणाऱ्या डागामुळे प्रसिद्ध असतो, म्हणजे व्यवहारतः तो जगातील सर्वांत न विकला जाणारा माल आहे. कथेत याचा विचार कोणी करत नाही. या चित्रपटात सर चार्ल्स लिटन या चोराची भूमिका डेव्हिड निव्हन यांनी केली, ज्यांनी १९३९ मध्ये रॅफल्सही साकारला होता. प्रत्यक्षात पीटर सेलर्स यांच्या इन्स्पेक्टर क्लूसोने चित्रपट खिशात घातला आणि पुढील भागांत चोर दुय्यम झाला.

प्रेक्षक या चोराला क्षमा का करतात याची दोन कारणे कथांच्या बांधणीत दिसतात. पहिले विम्याचे : मालकाचे नुकसान विमा कंपनी भरून देते. हिचकॉक यांच्या ‘टू कॅच अ थीफ’ (१९५५) मध्ये निवृत्त चोर जॉन रॉबी (कॅरी ग्रँट) याच्यावर संशय येतो, तेव्हा विमा कंपनीचा प्रतिनिधीच त्याला दागिन्यांच्या मालकांची यादी पुरवतो. खरी चोर एक तरुणी निघते. दुसरे कारण मालकीच्या कच्चेपणाचे, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. ‘द पिंक पँथर’मधील हिरा परागंदा राजकन्येकडे असतो आणि तिच्या देशातील नवे सरकार त्यावर हक्क सांगते, त्यामुळे चोर हा केवळ तिसरा दावेदार ठरतो. नागपूरच्या वाचकाला हा प्रसंग काल्पनिक वाटण्याचे कारण नाही. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले, औरस पुत्र नसल्याचे निमित्त करून डलहौसीने राज्य खालसा केले आणि बाकाबाई व इतर राण्यांचा विरोध डावलून राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन विकण्यात आले. त्या व्यवहाराला कागदोपत्री चोरी म्हटले गेले नाही. मालकीचा इतिहास असा असलेल्या रत्नांच्या बाबतीत चोराचा गुन्हा प्रेक्षकाला हलका वाटतो, आणि पौर्वात्य राजघराण्याचा हिरा हे या कथांचे आवडते भांडवल का झाले याचाही उलगडा काही अंशी येथेच होतो.

हिंदी चित्रपटात हे पात्र अशोक कुमार यांच्या कारकिर्दीशी विलक्षण निगडित आहे. त्यांचे घर खांडव्याचे, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रांतातील. ‘किस्मत’ (१९४३) मधील शेखर हा सफाईदार खिसेकापू आहे आणि कथेची कळ एका चोरलेल्या गळ्यातील हारावर फिरते. विजय आनंद यांच्या ‘ज्वेल थीफ’ (१९६७) मध्ये देव आनंद यांच्या विनयवर सगळेजण चोर म्हणून संशय घेतात, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या माणसाचा शोध चालतो आणि शेवटी तो दुसरा माणूस अस्तित्वातच नसून अशोक कुमार यांनी रंगवलेला सभ्य गृहस्थ खरा चोर असल्याचे उघड होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला या उलगड्याचा धक्का बसतो, तो बराचसा अशोक कुमार यांच्या प्रतिमेमुळे. हा चित्रपट रहस्यपटाच्या अंगाने जातो; त्यातील हलकेफुलकेपणा मुख्यतः देव आनंद यांच्या टोपीत आणि सचिन देव बर्मन यांच्या संगीतात आहे. शुद्ध विनोदी वळण ‘व्हिक्टोरिया नंबर २०३’ (१९७२) मध्ये येते. तेथे अशोक कुमार आणि प्राण हे दोन म्हातारे चोर घोडागाडीच्या दिव्यात दडवलेल्या हिऱ्यांचा माग काढतात, आणि पोशाखी रुबाबाची जागा त्यांच्या थट्टामस्करीने घेतलेली असते.

मराठी चित्रपटात रत्नचोर नायक म्हणून रुजलेला दिसत नाही. मराठी विनोदी चित्रपटाने तोतयेगिरीचा भरपूर उपयोग केला, पण तिचे निमित्त बहुधा भाड्याची खोली, लग्न किंवा वारसा असे राहिले. कायद्याबाहेरच्या रुबाबदार नायकाची हौस मराठीत बाबूराव अर्नाळकर यांच्या झुंजार आणि काळापहाड या पात्रांनी वाचनातून भागवली.