गोठवलेल्या भाजीत खरंच काही उरत नाही?

"गोठवलेल्या भाजीत जीवनसत्त्वं उरतच नाहीत" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शंका येणं साहजिक आहे; बर्फाचे कण चिकटलेला मटार ताजा वाटत नाही. पण तोडलेली भाजीही श्वास घेत असते आणि तिच्यातलं क जीवनसत्त्व रोज थोडं थोडं घटतं. पालक तर फ्रिजमध्येही आठवड्याभरात त्यातलं बरंचसं गमावतो. गोठवण्याआधी भाजी उकळत्या पाण्यातून काढतात, तेव्हा थोडं क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) जातं, हे खरंच. मात्र उणे 18 अंशांवर पुढची घट फार मंदावते. पडताळायचंय? पोषणतक्त्यात ताज्या आणि गोठवलेल्या मटाराचे 100 ग्रॅमचे आकडे शेजारी ठेवून पाहा. पाकिटावरची घटकांची यादीही वाचा. मीठ किंवा सॉस घातलेला असेल, तर तो हिशेब वेगळा.