पणजोबा कोणत्या लढाईत गेले? शोध सोपवण्याआधी हे वाचा

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चौकश्या सारख्याच असतात. "पणजोबा लढाईत गेले, पण कुठे आणि कसे ते घरात कुणालाच ठाऊक नाही." सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यात अशी घरे गावोगाव आहेत. वेशीजवळ जुनी संगमरवरी पाटीही असते. या गावातून इतके गेले, त्यातले इतके परतले नाहीत, एवढेच तिच्यावर असते, नावे नसतात. त्या आकड्यामागचा माणूस शोधणे हे आमचे काम, आणि ते आम्ही मनापासून करतो. मात्र एका गोष्टीपायी यात फार वेळ जातो. ती टळली तर तुमचे पैसेही वाचतील.

नाव सुधारून पाठवू नका

समजा, तुम्ही "सुभेदार रघुनाथराव पाटील" असे लिहून पाठवले. पलटणीच्या यादीत तोच माणूस "राघू मोरे, नाईक" असा असू शकतो. भरती करणाऱ्या कारकुनाने घरातले हाकेचे नाव जसे ऐकले तसे इंग्रजीत उतरवले. पाटीलकीवरून आलेले आडनाव कदाचित मुलांच्या शाळेच्या दाखल्यापासून लागले. गावात आदराने सगळे सुभेदार म्हणत, पण हुद्दा खालचा होता. यात कमीपणा मानण्याजोगे काहीच नाही. आम्ही मात्र तुमच्या शब्दावर विसंबून पाटलांच्या याद्या चाळत बसतो आणि मोरे तिथेच राहतात.

म्हणून घरातल्या थोरांना विचारा: त्यांना हाक काय मारत? वडिलांचे नाव काय? मूळ कूळ-आडनाव कोणते? हे जसेच्या तसे कळवा. इंग्रजी स्पेलिंग तुम्ही ठरवू नका. पवारांचे पोवार, शिंद्यांचे सिंदे, जाधवांचे जाधो झालेले आम्ही नेहमी पाहतो.

गावाचा तालुका लिहा, पण जिल्हा आजचा धरू नका. वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 साली. मालवण, देवगड रत्नागिरीत होते आणि आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा.

पदकाची कड, पदकाचा दर्शनी भाग नव्हे

पहिल्या महायुद्धाची पदके घरात असतील तर निम्मे काम झाले असे समजा. चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि ब्राँझचे व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत असते. लोक राजाच्या मुखवट्याचा छान फोटो पाठवतात. तो सगळ्या वॉर मेडलवर एकच आहे. आम्हाला कड हवी, तिरप्या उजेडात, चारही बाजूंनी. आणि कृपा करून ती चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका, सोनाराकडेही देऊ नका. घासून पुसट झालेला नंबर परत आणता येत नाही. नाव एकसारखे असलेले अनेक शिपाई एकाच पलटणीत सापडतात. त्यांना वेगळे करतो तो नंबरच.

काही घरांत तळहातापेक्षा मोठी ब्राँझची गोल तबकडी असते. ती युद्धात मेलेल्याच्या वारसांना दिली जाई. तिच्यावर फक्त नाव असते, हुद्दा नाही, पलटण नाही. ती जपून ठेवा, पण शोधाला एकटी पुरत नाही.

"संकेतस्थळ फुकट आहे, मग शुल्क कशाचे?"

रास्त प्रश्न आहे. युद्धात मेलेल्यांची थडगी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरची यादी कुणालाही विनामूल्य पाहता येते, आणि आधी ती स्वतः पाहा असे आम्हीच सांगतो. 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात सेवेत असताना मेलेल्यांची नावे तिथे आहेत. म्हणजे युद्ध थांबल्यानंतर इराकात तापाने गेलेला शिपाईही यादीत सापडेल. शोधताना मराठा शब्दाच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'आर'च्या आधी 'एच' असतो, हे लक्षात असू द्या.

पण त्या यादीत मृत्यूचे कारण सहसा नसते. आमचे काम तिथून सुरू होते. तारीख आणि पलटण हातात आली की लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पलटणीच्या युद्धरोजनिशीशी ती ताडून पाहायची. रोजनिशीत अधिकाऱ्यांची नावे असतात, शिपायांचे बहुधा नुसते आकडे: आज इतके ठार, इतके जखमी. तेव्हा "अमुक गोळीने गेले" असे आम्ही लिहून देत नाही. त्या दिवशी पलटण कुठे होती, काय घडले, किती पडले, हे पुराव्यानिशी देतो. याहून जास्त छातीठोकपणे कुणी सांगू लागला तर त्याच्याकडे कागद मागा.

पलटणींचे क्रमांक 1922 साली बदलले, तिथेही पुष्कळ जण फसतात. पहिल्या युद्धातली 103 मराठा लाइट इन्फन्ट्री पुढे 5व्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, 105 दुसरी, 110 तिसरी, 116 चौथी, 117 पाचवी. 1916 साली गेलेल्या माणसापुढे "5 मराठा" लिहिलेले आले की घोटाळा नक्की. शिवाय आपली माणसे केवळ मराठा पलटणींत नव्हती. 111 महार, खडकीचे सॅपर्स (लष्करी अभियंते), खेचरांच्या तुकड्या, कोकणातले खलाशी, सगळे धरून शोधावे लागते.

कुतची घरे

मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, चौकश्या आमच्याकडे सर्वांत जास्त. 6व्या पुणे डिव्हिजनबरोबर 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. 7 डिसेंबर 1915 ला तुर्कांचा वेढा पडला, 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. घरात "कुतला लढताना गेले" असे सांगतात, आणि नोंदीत तारीख त्यानंतरची निघते. मग तो कैदी होता. बगदाद, मोसुलमार्गे रास-अल-ऐनपर्यंत पायपीट, तिथे रेल्वेचे काम, उपासमार, हगवण. कैद्यांच्या तारखा कधी अंदाजाने घातलेल्या असतात, त्या आम्ही तशा नमूद करतो.

असा अहवाल हाती आल्यावर काही जण म्हणतात, "आजारपण काढून वीरमरण लिहा." आम्ही लिहीत नाही. कैदेत किंवा इस्पितळात गेलेला शिपाई रणात पडलेल्याच्याच यादीत आहे, कमिशनने त्यांत फरक केलेला नाही, आणि आम्हीही करणार नाही.

समाधी आणि फोटो

बहुतेक हिंदू शिपायांचे दहन झाले, त्यामुळे थडगे नसते, स्मारकावर नाव असते. पळसगावच्या यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 च्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचेही नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर आहे. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर 4,700 हून अधिक भारतीय नावे आहेत, तिथला फोटो मिळवता येतो. बसऱ्याचे तसे नाही. तिथे हिंदी शिपायांची नावे भिंतीवर न कोरता पलटणवार फक्त संख्या घातली, नावे नोंदवहीत ठेवली. अमाराच्या डाव्या तीरावरच्या हिंदी दफनभूमीत सुमारे 5,000 जण आहेत. ओळख पटली फक्त नऊ जणांची. हा अन्याय होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. "बसऱ्याच्या भिंतीवरील नावाचा फोटो" विकणाऱ्यांपासून सावध राहा. आम्ही नोंदवहीतल्या पानाची प्रत देतो.

2021 पासून "लाहोरच्या संग्रहालयातल्या यादीत आमचे नाव बघा" असेही बरेच जण सांगतात. त्या सुमारे 3 लाख 20 हजार नोंदी पंजाबातल्या शिपायांच्या आहेत. त्यासाठी आम्ही पैसे घेत नाही, कारण तिथे आपल्याकडचे कुणी मिळणार नाही.

काम कसे सोपवाल

हाकेचे नाव, वडिलांचे नाव, मूळ आडनाव, गाव-तालुका, पदकांच्या कडेचे फोटो आणि पेन्शनचा एखादा जुना कागद असेल तर त्याच्या दोन्ही बाजू, एवढे व्हॉट्सॲपवर पाठवा. माणूस यादीत ओळखता येतो की नाही, हे आम्ही विनाशुल्क सांगतो. ओळख पटली तरच पुढच्या टप्प्याचे शुल्क घेतो. रोजनिशीतून काही हाती लागले नाही तरी ते परत होत नाही, कारण पाने तेवढीच वाचावी लागतात. मूळ पदके आणि कागद टपालाने पाठवू नका. दाखवायचीच असतील तर फोन करून कचेरीत घेऊन या, तुमच्यासमोर पाहून लगेच परत देऊ.